मिटायला आळशी

जेल रोडच्या तळघरात
बाहेर ऊन आहे की दिवे लागले
ते जिन्यावरून उतरणाऱ्या चपलांवरून कळतं.
नऊ वर्षं मी इथे जळके ॲम्प्लिफायर उघडते.
स्क्रूला हात लावायच्या आधी वास घेते.
गोडसर आला तर कॉइल,
नाकात गेला तर मॉस्फेट.
मुळ्येकाका म्हणायचे, नाक फुकट आहे गं,
मीटरला सेल लागतो.

आज राऊचे घनश्याम पाटीदार आले,
बटाट्याच्या शेताची माती घेऊन आलेली बोलेरो
वर गल्लीत तिरकी लावून.
लहानपणच्या तापात त्यांचे कान गेले.
मोबाइलवर लिहून दाखवलं :
गाणं मी पाठीने ऐकतो.
तीन दिवस झाले, पाठ बहिरी आहे.

बिलाच्या मागे मी त्यांना चित्र काढून दिलं.
जुनं मशीन म्हणजे अर्धवट उघडा नळ,
जेवढं सोडायचं तेवढंच धरूनही ठेवायचं,
आणि त्या धरून ठेवण्यानंच तापायचं.
तुमच्यातलं तसं नाही.
हे उघडं तर सताड, बंद तर घट्ट,
सेकंदाला तीन लाख वेळा.
आत त्रिकोणांची एक करवत धावत असते,
गाणं तिच्यावर चढलं की चालू,
खाली गेलं की बंद.
किती वेळ उघडं राहिलं,
गाणं तेवढ्यातच असतं.
पुढे दाराशी कॉइल बसलेली, जाडजूड, आडमुठी.
घाईचं काही तिला पटत नाही.
ती सगळी टकटक तिच्यापाशीच थकते
आणि आत जातो तो ढोल.

त्यांनी मान हलवली. मग लिहिलं : मग मेलं कशानं?

दोन मॉस्फेट.
एक वर ओढतो, एक खाली.
दोघांनी एकदम दार उघडलं
तर बॅटरी सरळ एकातून दुसऱ्यात जाते,
गाण्याला विचारतसुद्धा नाही.
म्हणून मध्ये एक क्षण ठेवतात, दोघेही बंद.
सेकंदाचे दोन कोटी तुकडे करा,
त्यातला एक.
महूला कोणी तुम्हाला स्वस्तातला बसवून दिला,
उघडायला चपळ, मिटायला आळशी.
तो तुकडा त्यानं खाल्ला.

(घरी मी आणि सुधन्वा असेच.
त्याचं वाक्य मिटायच्या आत माझं उघडायचं.
फ्यूज आई होती.
हे काही मी बिलावर लिहिलं नाही.)

साडेचारपर्यंत जोडी बदलली,
मागच्या डिकीत लाल जाड केबल कसली,
पेन ड्राइव्हमधलं पहिलं गाणं लावलं,
कुठल्याशा वरातीचं, मला मुळीच न आवडणारं.
समोरच्या स्टॉलवरची मोबाइल कव्हरं शहारली.
मी अंगठा वर केला.

ते सीटला टेकून बसले होते, डोळे मिटून.
अंगठा नाही. एक बोट, थांबा.
मग लिहिलं :
डावा ढकलतोय तेव्हा उजवा ओढतोय.
मधोमध काही नाही.

मी कान दिला. मला बरं वाटत होतं.
दुसऱ्यांदा दिला. तरीही बरंच.
शेवटी उजवा वूफर सोडवला :
लाल जागी काळी, काळ्या जागी लाल.
तपासायला मीच काढले होते दोन्ही.
मीच उलटा लावला होता.

तारा बदलल्या.
या वेळी गल्लीतल्या कुत्र्यानंही जागा बदलली.
पाटीदारांनी डोळे उघडले नाहीत,
पूर्ण गाणं संपेपर्यंत,
आणि पुढचंही निम्मं.

मी उगाच ॲम्प्लिफायरवर हात ठेवून पाहिला.
कोमट.
एवढी वरात त्यातून गेली, आणि फक्त कोमट.

पैसे घेताना शंभर कमी घेतले.
का, ते त्यांनी विचारलं नाही.
काका असते तर जिना उतरता उतरता सांगितलं असतं :
पाठही फुकट असते, बरं का,
फक्त टेकून बसायला वेळ लागतो.