एक अक्षर

टिळकवाडीच्या कॉलेजात, खिडकीआडून
क्लार्क विचारतो, "कॉम्बिनेशन यावुदु?"
मी अक्षताकडे बघतो, ती भिंतीवरच्या कट-ऑफकडे.

पीसीएमबी. पीसीएमसी.
वडगावात मागावर असतो
तर सांगितलं असतं झटक्यात,
कुठला धागा कुठं निघणार.

हिनं पहाटेच बजावलेलं:
बी घेतलं तर नीट,
सी घेतलं तर पुणं.
पुण्याची सीईटी वेगळी, इथली वेगळी,
फॉर्मचे पैसे एकाच
भिशीतले.

फॉर्म कन्नडात.
पोरगी भराभरा भरते,
मातृभाषेपाशी जरा थांबते,
मग तेही भरते.
"आप्पा, इथं," म्हणून बोट ठेवते.

मी सही करतो, मराठीत, लफ्फेदार.
बाहेर स्कूटरला किक मारताना आठवतं:
"काय घेतलीस ग शेवटी?"

"सही तुम्हीच केलासा की."