दार शेवटी

चिनी लोक बफेलोला म्हशीचं नगर म्हणतात,
हे मला तिएन रुईछिननं सांगितलं,
एक्क्याण्णवच्या जानेवारीत, बसथांब्यावर.
तिच्या बुटांत वर्तमानपत्र कोंबलेलं होतं.
म्हैस कुठाय, मी विचारलं.
तिनं गोठलेल्या ईरी सरोवराकडे बोट केलं:
ती काय, पाठ वर काढून बसलीय.

तिचे वडील लानचौच्या टपाल कचेरीत.
ज्या पाकिटांवरचं अक्षर कुणालाच लागत नसे
ती त्यांच्या टेबलावर यायची.
भिंगानं, चहानं, अंदाजानं
ते कुणाचं तरी गाव शोधून काढायचे.
मी तेच करतेय, ती म्हणायची,
फक्त त्यांना पगार वेळेवर मिळायचा.

आमच्या तळघरात तीन लाख पाकिटांचे फोटो होते.
म्हाताऱ्यांचे थरथरते सात, डावखुऱ्यांचे नऊ,
घाईतला चार, जो कुणालाही एक वाटेल.
यंत्र चुकलं की ती रागवायची नाही;
मान तिरकी करून
त्याच्या बाजूनं बघायची.

एकदा फळ्यावर तिनं आपलं आडनाव काढलं.
तिएन म्हणजे शेत.
डावी भिंत, मग छत आणि उजवी भिंत एका दमात,
मग आतली आडवी, आतली उभी,
आणि तळाची रेघ सगळ्यांत शेवटी.
माणसं आधी आत घ्यायची, मग दार लावायचं,
शाळेत असंच शिकवतात.
मी खाली बिडकर लिहिलं आणि वर रेघ ओढली.
आमच्यात छप्पर शेवटी, म्हटलं.
तोवर पाऊस आला तर?
तिनं खरंच विचारलं होतं. मला उत्तर सुचलं नाही.

मग यंत्र विकलं गेलं. मग कंपनी झाली,
मग तीही विकली गेली आणि पुन्हा विकत घेतली.
बंदरावरच्या जुन्या धान्यकोठारात सातव्या मजल्यावर
तिची काचेची खोली.
पद लांबत गेलं, नाव आखूड होत गेलं:
डॉक्टर रुईछिन तिएन, मग रुई, मग नुसतं आर. टी.
तिच्या हातात खडू शेवटचा कधी पाहिला, आठवत नाही.
बोट मात्र अजून हवेत रेघा ओढायचं,
भागधारकांसमोर, नफ्याबद्दल बोलताना.

फेब्रुवारीत एकशे चाळीस जणांना पत्र आलं.
माझं साडेनऊला, कॉफी गरम असताना.
खाली सही तिची.
पार्किंगमध्ये आम्ही आमची पत्रं शेजारी शेजारी धरली:
सगळ्या सह्यांत शाई एकाच ठिकाणी अडलेली.
राग यायला हवा होता.
आधी मनात आलं ते हे, की नमुना म्हणून निरुपयोगी,
एकशे चाळीस वेळा एकच.

नोव्हेंबरात पाकीट आलं, पत्ता हातानं लिहिलेला.
दोन मैलांवरून निघून अकरा दिवसांनी,
वर पिवळी चिकटपट्टी,
कुणीतरी पेन्सिलीनं आकडा दुरुस्त केलेला.
आमच्या यंत्राला वाचता आलं नव्हतं.
तिचा चार. तो तिचा कायमचा चार.

वडील गेले, असं आत होतं.
बिस्किटांच्या डब्यात एकसष्ट पाकिटं सापडली,
जी त्यांनाही लागली नाहीत.
चौऱ्याण्णवमध्ये रात्री चोरून
मी चिनी अक्षरासाठी जो प्रोग्राम लिहिला होता,
तो तुझ्याकडे आहे का?
माफी कुठेच नव्हती. सही होती;
शाई दुसऱ्याच ठिकाणी अडली होती.

आहे, मी लिहिलं. फ्लॉपीवर.
ती वाचणारं यंत्र मात्र
या म्हशीच्या गावात आता मिळत नाही.
माझ्याकडे भिंग आहे, चहा आहे.
रविवारी डबा घेऊन ये.
मागच्या बाजूनं ये. तिकडचं दार
ओलीनं फुगलंय, लागत नाही.