जाळी

सामना संपून तास झाला, मिलवॉकीच्या बारमध्ये
ऑर्विल अजून टेबलावर मूठ आपटतोय:
"एकवीस कोटी डॉलर मोजले, आणि साधा घरंगळता चेंडू
गेला की दोन पायांमधून,
टोलनाका उघडा असल्यासारखा!"

"पण मारतो कसा," लेम्युएल म्हणतो,
"मंगळवारचा होमरन पार्किंगात कुणाची तरी काच फोडून थांबला."
"काचा माझा धाकटा फुकटात फोडतो."

विल्हेल्मिना गप्प.
एकतीस वर्षं तिनं कारखान्यात ग्लोव्ह शिवले,
अंगठ्याजवळची जाळी तिच्याकडे असायची.
ती बोटं आता धड मिटत नाहीत.

टीव्हीवर पुन्हा तोच चेंडू,
तेच पाय.

चष्मा पुसून ती नीट बघते.
"जाळी चांगली आहे," म्हणते.
"वाकायला हवं होतं."