दोन टक्के

तुझं नाव कुठेच लिहिलेलं नाही.
थडग्याच्या त्या अर्धवट राहिलेल्या भिंतीवर
तुझी लाल रेघ आहे फक्त
आणि तिच्यावर गुरुजींची काळी.
राजाचा गुडघा दोन बोटं खाली हवा होता,
तू वर काढलास.
तीन हजार वर्षं झाली,
चूक अजून ओली दिसते.

मी रोज तुझाच कित्ता गिरवते.
तळपायापासून केसांच्या कडेपर्यंत अठरा घरं,
तेवढ्यात देव बसला पाहिजे.
तुझी दोरी गेरूत बुडवून भिंतीवर ताणलेली,
माझी स्क्रीनवर आपोआप उमटते,
नको असली की लपते.
माझ्या देवांनी टाकीचा एकही घाव सोसलेला नाही.
चुकलं की दोन बोटांची टिचकी,
आणि गुडघा मुळात चुकलाच नव्हता.

खाली बाबा दगड घासतात.
त्यांचे वडील खोटे भुंगे कोरून
टर्की कोंबड्यांना गिळायला घालत,
दुसऱ्या टोकाने बाहेर पडेपर्यंत
भुंग्यांवर शतकं चढलेली असत.
"रद्वा, तुझ्या मशीनला पोट नाही,
म्हणून तुझं सगळं कालचं दिसतं."
मी त्यांना एक पट्टी सरकवून दाखवली:
रंग उडाला, पोपडे सुटले,
कडेला धुराची काजळी धरली.
ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.
"म्हणजे आहे पोट," म्हणाले,
आणि चहा विसरून खाली गेले.

काम वॉर्सामधल्या एका कंपनीचं.
त्यांच्या खेळात तिसऱ्या पातळीवर थडगं लागतं.
सोनं वाढवा, ते लिहितात.
शाप पुरेसा जाणवत नाही.
भिंतीवरचा डोळा रागावलेला हवा.
तो डोळा रागावत नाही.
तो फुटला होता,
कुणीतरी तुकडे गोळा करून परत बसवला,
एवढीच त्याची गोष्ट.
मी उत्तर दिलं, ठीक आहे,
आणि भुवई जराशी खाली ओढली.

आमचं घर वर टेकडीवर होतं,
थडग्यांच्या अगदी डोक्यावर, निळं.
बुलडोझर आला तेव्हा मी दुसरीत.
दाराशेजारी शाझली रंगाऱ्याने
आजोबांची हज काढली होती:
काबा, एक उंट, विमान,
आणि जहाजसुद्धा.
आजोबा जन्मात जहाजात बसले नव्हते,
पण शाझली म्हणाला, राहू दे हाजी,
जहाजाचे वेगळे पैसे लावत नाही.
विमानाच्या खिडक्या त्याने मोजून सात काढल्या,
प्रत्येकीत एक डोकं,
सगळी आजोबांसारखी.
भिंत पडली तेव्हा धूळ निळी उडाली,
निदान मला तशी आठवते.

थडग्याच्या छताला पाचकोनी तारे भरत होते,
ओळीवर ओळ, हात दुखेपर्यंत,
(हो, नक्कल करून चिकटवता येतात,
मी चिकटवत नाही)
आणि एका रांगेत हात वळला, विमान आलं.
सात खिडक्या.
कंपनीच्या नजरेतून सुटलं नाही.
हे काय? काळाशी जुळत नाही. काढा.
मी काढलं नाही.
पट्टी हळूहळू डावीकडे नेत राहिले,
पन्नास, वीस, नऊ,
दोन टक्क्यांवर थांबले.
दोन टक्के म्हणजे
आहे हे माहीत असेल तरच आहे.
उत्तर आलं: आता उत्तम.
फार प्राचीन वाटतं.

पैसे आले की बाबांना नवी कानस घ्यायची आहे.
पंखा बंद पडलाय, वीज चारला येईल.
तू तिथे लाल रंगाची वाटी घेऊन बसला असशील,
गुरुजी जेवायला गेले असतील.
तेवढ्यात ते विमान जरा बघून घे.
डावा पंख मला जमलेला नाही.