तीन पावलं

पहाटे सव्वातीनला बस थांबते, म्हणजे सरहद्द आली.
या मोसमातली एकविसावी.
मीच मोजतो, कारण मैदानात मला मोजण्याजोगं फारसं मिळत नाही:
बाकावरचा बारावा, जर्सी पंधरा,
मागच्या सामन्यात चाळीस सेकंद.

विदोये इंजिन बंद करतो.
काचांवर आमचाच श्वास साकळलेला.
सीटांमध्ये दुमडून ठेवलेली माणसं उलगडू लागतात,
आधी गुडघे, मग माना, मग शिव्या.
शिव्या पलीकडेही जशाच्या तशा चालतात,
फक्त त्यांच्या भाषेचं नाव
नदी ओलांडली की बदलतं.

अधिकारी केबिनच्या दारातून वाकून बाहेर आला.
(दारात वाकावं लागणारी माणसं
आम्ही लांबूनच ओळखतो.)
"माल?"
"बारा चेंडू."
त्यानं एक काढायला लावला,
ओल्या डांबरावर एकदाच आपटला, कान दिला.
"हवा कमी आहे."
मग कोचच्या पासपोर्टवर टॉर्च धरून
बराच वेळ नुसता उभा.

"हमदिया. शहाऐंशी साल. निक्शिचची शाळा.
शेवटच्या बास्केटला तू तीन पावलं टाकलीस."

कोचच्या अंगावर वर कोट, खाली पायजमा.
"दोन."
"तीन!"
"दोन, वुकोता. शिट्टी तुझ्या मामाच्या तोंडात होती
आणि त्यानंही वाजवली नाही."

तेव्हा या नदीवर नुसता पूल होता.
पुलावर पूल सोडून काही नव्हतं.

"टाकून दाखव."
अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, डावा गुडघा स्टीलचा,
चेंडू घेऊन धावला.
एक.
पुढचं पाऊल आडव्या दांड्याखालून,
पांढऱ्या पट्ट्यापलीकडे,
शिक्क्याशिवाय.
हात वर. चेंडू दिव्याच्या खांबाला लागून
परदेशात घरंगळत गेला.

विदोये हसला, त्याची सिगारेट खाली पडली.
कोचही हसला, गुडघा धरून.
मग वुकोतानं विचारलं,
"तुमच्यातला तो डावखुरा पोरगा? गोऱ्हा केसांचा, सातव्या नंबरचा?"
कोचनं मान हलवली.
वुकोतानं जाऊन चेंडू आणला,
बाही काढून पुसला,
उगीचच पुन्हा पुसला.

केबिनमधून सायकलचा पंप आला.
पंधरा पासपोर्टांवर शिक्के पडेपर्यंत
बाराही चेंडू टणक झाले होते.
"पावलं तीनच होती," खिडकीशी येऊन तो म्हणाला.
"परतताना बघू," कोच म्हणाला.

सामना आम्ही एकोणीस गुणांनी हरलो.
मी उठलोही नाही.

पण त्या रात्री चौथ्या खिडकीतून
मला दांडा दिसत होता, पट्टा दिसत होता, पाय दिसत होते.
बाकावरच्याला सगळंच नीट दिसतं.
मी मोजली होती.
कुणी विचारलं नाही.