रायबंदरचं काळं झाड

खोका एवढा लांब की लिफ्टमध्ये तिरका धरावा लागला,
एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला उल्हास,
आणि उल्हास पुटपुटला, राम नाम…
मी म्हटलं, गप.

चौथ्या मजल्यावर उघडला.
झाड काळं निघालं.
जळून काळं झालेलं नव्हे,
मुळातच काळं, कारखान्यातून काळं,
छत्रीच्या कापडासारखं,
नव्या टायरचा वास येणारं.
एकेक फांदी उलगडायची, जराशी वाकवायची.
सोबतच्या कागदावर लिहिलं होतं:
नैसर्गिक दिसेल असं करा.

मी साखळीचा वायरमन.
चवथीला माटोळीभोवती माळा लावतो,
डिसेंबरात दारोदार कागदी नखेत्रं.
माझ्या माहितीतलं ख्रिसमसचं झाड म्हणजे सुरूची फांदी,
किनाऱ्यावरून तोडून आणलेली,
तेलाच्या डब्यात वाळू भरून उभी केलेली,
नाताळ उलटेपर्यंत पिवळी.
हे पिवळं होणार नाही.
याचं जे व्हायचं ते होऊन गेलंय.

जॅनीनबाईंचं घर राखाडी.
भिंती राखाडी, सोफा राखाडी, कुत्रासुद्धा.
सोनेरी नको, त्या म्हणाल्या, लाल तर मुळीच नको,
फक्त वॉर्म व्हाइट.
मी वॉर्म व्हाइट गुंडाळत गेलो.
पैसे वेळेवर देतात.
चहाही देतात, कान नसलेल्या कपात.

मग स्वयंपाकघरातून पिएदाद आली, हात पुसत.
काळा झगा, काळी बटणं, काळे मोजे.
झाडासमोर उभी राहिली
मापाला माप लावून बघावं तशी.
"कोण गेलो गो, बाय?"

जॅनीनबाई हसल्या. कोणी नाही ग. हल्ली असंच असतं.
पिएदादनं मान हलवली,
बांगड्यांचा भाव ऐकून हलवतात तशी,
आणि फडकं घेऊन आली.
"काळ्यावर धूळ लगेच दिसते," मला म्हणाली,
"मार्चपासून बघतेय."

मार्चमध्ये तिचा काएतान गेला,
तियात्राला निघताना, एक बूट घालून झालेला.
त्यांच्यात वर्षभर काळं.
नखेत्र नाही, गोठा नाही, नेवऱ्या तळायच्या नाहीत,
शेजारी देतील त्या घ्यायच्या.
आमच्याकडेही तेच.
बाबा गेले त्या दिवाळीत कढई फळीवर पालथी
आणि सात घरांच्या करंज्या, सात चवींच्या.
आई एकेक मोडून बघायची,
खोबरं कोणी जास्त घातलंय.

संध्याकाळी मी घरातले सगळे दिवे मालवले
आणि झाडाचं बटण दाबलं.
झाड गेलं.
खरंच सांगतो. काळोखात काळं मिसळून गेलं,
चारशे दिवे अधांतरी राहिले.
मागं काच, काचेपलीकडे मांडवी,
मांडवीपलीकडे दिवाडी,
आणि दिवाडीची नखेत्रं, लाल, हिरवी, जांभळी,
या पांढऱ्यांत येऊन बसली.
कुठला दिवा घरातला, कुठला नदीपारचा, कळेना.
जॅनीनबाई काहीतरी इंग्रजीत म्हणाल्या, हळू.
पिएदाद काचेपाशी गेली.
दोन नखेत्रांच्या मधोमध बोट टेकवलं,
जिथं काहीच नव्हतं.
"ते आमचं."

काचेवर बोटाचा ठसा उमटला.
त्या घरात असलं काही टिकत नाही.
जॅनीनबाईंनी पाहिला, फडक्याकडे पाहिलं,
राहू दिला.

तीन राजांच्या फेस्तानंतर परत गेलो, माळा उतरवायला.
फांद्या मिटल्या, झाड खोक्यात, खोका माळ्यावर.
या वेळी उल्हास काही बोलला नाही.
निघताना पिएदादनं पेपरात बांधून दिल्या
मॉडेस्टा शेजारणीच्या नेवऱ्या, मऊ पडलेल्या.
"मला एकटीला कितीशा लागतात."
तिचं काळं उतरायला अजून दोन महिने होते.

चोडणच्या फेरीत
कठड्याला टेकून मी एक मोडून पाहिली.
खोबरं जास्त होतं.