गोडं तेल

जहऱ्याच्या सहकारी सोसायटीमागे तमवीनची खिडकी.
तमवीन म्हणजे रेशन. पहिल्याच दिवशी
मनातल्या मनात तसं भाषांतर करून घेतलं,
मग फार परकं वाटलं नाही.
माणशी तांदूळ, साखर, मसूर, दुधाची पावडर,
गोड्या तेलाचे डबे.
तांता गावचा मुस्तफा कार्ड ओढतो, मी पोती उचलतो.

आलो त्या वर्षी बॅरल शंभराच्या वर होतं,
आणि खिडकीला माणूस नसायचा.
यायचे ते ड्रायव्हर, स्वयंपाकिणी,
मालकाचं कार्ड दोन बोटांच्या चिमटीत धरून.
"तेल नको म्हणालेत बाबा, दूध तेवढं दे."
काही घरं वर्षभर फिरकलीच नाहीत.
त्यांच्या नावाच्या पोत्यांना
आम्ही पाठ टेकून डुलक्या काढायचो.

मग बॅरल घसरलं.
टीव्हीवरचा आलेख मला कळत नाही,
माझा आलेख रांगेचा.
पन्नासला ती पाण्याच्या कूलरपर्यंत गेली,
तिसाला पार्किंगच्या पत्र्याबाहेर, उन्हात.

अबू धारी स्वतः आला.
गाडी लांब लावलेली, काळा चष्मा डोळ्यांवर तसाच.
मुलाचं ठेकेदारीचं बिल मंत्रालयात अडकलंय,
हे मुस्तफाला माहीत, म्हणून मलाही.
नऊ जणांचा शिधा त्याने आपल्या हातांनी डिकीत भरला.
मी पोत्याला हात लावायला गेलो,
"राहू दे," म्हणाला,
घरातलं भांडण शेजाऱ्याने ऐकल्यासारखा.

उम्म मशारी मात्र भाव बघून येत नाही.
चढो की पडो, पाच तारखेला, सकाळी आठला, पिशव्या घेऊन.
पूर्वी ज्यांच्या ड्रायव्हरांनाही तिची कीव यायची
त्यांच्या बायका आता तिलाच विचारतात,
मसूर कुठल्या गाडीचा चांगला, पावडर कधी ताजी येते.
ती सांगते. थोडं उशिरा, थोडं तोऱ्यात.
तिच्या कार्डावर नवऱ्याचं नाव अजून आहे.
तो रमजानात गेला.
मुस्तफा यंत्राकडे बघतो, मी छताकडे,
आणि आम्ही दोन माणसांचं तेल देतो.

माझ्या हातून दिवसाला दोन टन जातं.
माझा तांदूळ मी समोरच्या दुकानातून आणतो, पुऱ्या भावाने.

मी दिनार पाठवायला लागलो
तेव्हा मंडणगडला आमचं केशरी कार्ड पांढरं झालं.
सकीनाने गल्लीत खजूर वाटले.
रेशनच्या दुकानावरून जाताना
ती म्हणे पदर सावरून, जरा सावकाश चालायची.

बॅरल पडलं, माझा ओव्हरटाइम गेला.
मग पगार, महिन्याआड.
ती सावकाश चालणारी बाई
तहसील कचेरीत चार खेपा घालून आली.
साहेब म्हणाला, केशरी करू, पण सगळ्यांचा थम लागेल.
कुटुंबप्रमुखाचा अंगठा कुठाय?
"कुवेतला."
मग अंगठा आणा, नाहीतर नाव कापा.

तिने फोन केला तेव्हा रांग चालू होती.
"कापू का?" म्हणाली. मागे कचेरीचा पंखा ऐकू येत होता.
माझा अंगठा पोत्याच्या सुतळीत अडकलेला.
पुढे उम्म मशारी, पिशवीचं तोंड उघडून,
तिच्या मेलेल्या माणसाच्या वाट्याला थांबलेली.

"काप," म्हणालो.
"बरं," म्हणाली. "तेल मिळत नाही हं आपल्याकडे,
नुसता गहू-तांदूळ."

बॅरल परत वर चाललंय म्हणतात.
आज रांग कूलरपाशीच संपली.
अबू धारीचा ड्रायव्हर आला होता,
चिमटीत कार्ड.
सकीना फोनवर खाडीचं बोलते, तहसीनच्या शाळेचं बोलते.
नाव परत कधी चढवायचं,
ते तिने विचारलेलं नाही. मीही नाही.